धावपट्टी संपते तिथला रस्ता

(१) २६ एप्रिल १९९३. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ भर दुपारी मुंबईसाठी निघाले. विमानात ११८ माणसे होती. त्याच वेळी धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता.

(२) सहा हजार फुटांची धावपट्टी संपता संपता विमानाने जमीन सोडली. डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे विजेच्या उच्चदाब तारांना धडकून विमान कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले.

(३) चौकशीत दोन कारणे नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. पहिली चूक काही सेकंदांची होती. दुसरी रोज, प्रत्येक उड्डाणाच्या वेळी घडत होती. त्या दिवशी ती फक्त उघडी पडली.

(४) हे समजण्यासाठी धावपट्टीचा हिशेब पाहावा लागतो. प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिक एक निर्णयवेग ठरवतात. त्यांच्या भाषेत ‘व्ही-वन’. त्या वेगापर्यंत बिघाड दिसला तर इंजिने मंदावून, ब्रेक लावून उड्डाण सोडून देता येते. यालाच ‘रिजेक्टेड टेकऑफ’ म्हणतात. तो वेग ओलांडल्यावर मात्र थांबण्यापेक्षा उडणेच सुरक्षित मानले जाते, कारण थांबण्यापुरती धावपट्टी आता उरलेली नसते.

(५) म्हणजे धावपट्टी केवळ उडण्यासाठी नसते. न उडण्यासाठीही ती पुरावी लागते. त्यात उन्हाळा भर घालतो. तेवढ्याच दाबाखाली १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना हवा सुमारे ९ टक्के विरळ होते. इंजिनांचा जोर घटतो आणि पंखांना तेवढाच आधार मिळण्यासाठी विमानाला जमिनीवर अधिक वेगाने धावावे लागते. थांबायची वेळ आलीच, तर ब्रेकांना तो वाढलेला वेगही जिरवावा लागतो. अकोल्याच्या मे महिन्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

(६) भाड्याने घेतली जाणारी लहान जेट विमाने या हिशेबातून सुटत नाहीत. १९ सप्टेंबर २००८ च्या रात्री अमेरिकेतील कोलंबिया (दक्षिण कॅरोलिना) येथे असे एक लिअरजेट ६० धावू लागले. निर्णयवेग ओलांडल्यावर टायर फुटले आणि कॅप्टनने उड्डाण सोडून दिले. टायरच्या तुकड्यांनी यंत्रणा निकामी केली; उलटा जोर द्यायला हवा त्या क्षणी इंजिने विमानाला पुढेच ढकलू लागली. सहापैकी चौघांचा मृत्यू झाला.

(७) तपासात मूळ कारण अगदी साधे निघाले. टायरमध्ये हवा कमी होती आणि सुमारे तीन आठवडे कोणी ती तपासलीच नव्हती. तिथली धावपट्टी ८,६०० फुटांची, म्हणजे चिकलठाण्याच्या तेव्हाच्या धावपट्टीपेक्षा बरीच लांब होती. तरीही विमान कुंपण तोडून, महामार्ग ओलांडून पलीकडच्या बांधावर आदळले.

(८) त्याआधी, २ फेब्रुवारी २००५ रोजी, न्यू जर्सीतील टेटरबोरो येथे भाड्याच्या चॅलेंजर विमानाचे नाकच उचलले जाईना; भार पुढच्या बाजूला मर्यादेपेक्षा अधिक झाला होता. उड्डाण सोडले, पण विमान थांबले नाही. महामार्गावरील मोटारीला धडकून ते गोदामात घुसले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तीन विमानतळ, तीन निरनिराळी कारणे. आणि तिन्ही ठिकाणी धावपट्टीच्या टोकाशी वाहता रस्ता.

(९) आंतरराष्ट्रीय नियमांनी यावर उपाय सांगितला आहे. मोठ्या धावपट्ट्यांच्या टोकांपलीकडे किमान ९० मीटरचे मोकळे सुरक्षा-क्षेत्र असावे. शिफारस २४० मीटरची आहे. तिथे इमारत नको, रस्ता नको. पण मोकळी जमीन फुकट मिळत नाही. ती कोणाच्या तरी शेतातून येते.

(१०) वऱ्हाडातील विमानतळांचा इतिहास इथेच येऊन भिडतो. अकोल्याचा शिवणी विमानतळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली बांधला गेला. त्याची धावपट्टी साधारण १,४०० मीटरची. ती १,८०० मीटर करण्याची मागणी जुनी आहे. विस्ताराच्या वाटेत कृषी विद्यापीठाची आणि खासगी मालकांची जमीन येते. त्यामुळे नेत्यांची लहान विमाने तिथे उतरत राहिली आणि नियमित प्रवासी सेवा लांबत गेली.

(११) अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचा जन्म १९९२ चा, म्हणजे शिवणीनंतर जवळपास अर्धशतकाने. तिथली १,३७२ मीटरची धावपट्टी १,८५० मीटर झाली आणि १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून प्रवासी एटीआर विमान उतरले. दोन शेजारी शहरांच्या हवाई नशिबातील अंतर अखेर साडेचारशे मीटर जमिनीत मोजता येते.

(१२) ‘इथे कोणते विमान उतरेल?’ धावपट्टीच्या चर्चेत वऱ्हाडात हाच प्रश्न नेहमी विचारला जातो. चिकलठाण्याने शिकवलेला प्रश्न वेगळा आहे: मे महिन्याच्या दुपारी, पूर्ण भाराने धावत असलेल्या विमानाच्या वैमानिकाने शेवटच्या योग्य क्षणी ‘नको’ म्हटले, तर त्याला थांबायला जागा आहे का? आणि जागा संपते तिथून पुढे काय आहे, मोकळे रान की कापसाच्या गाठी वाहणारा रस्ता?