तुरटपणाची पारख

पिकलेल्या फळाची गोडी कोणीही सांगेल. कच्च्या फळात उद्याची गोडी ओळखणे हे जाणकाराचे काम. कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग ठरवणारा व्यापारी हेच करतो. फ्रान्समधील बोर्दो येथे तर वाइनचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार या विद्येवर उभा आहे. मद्यपानाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. पारख कशी होते आणि काळ तिची परीक्षा कशी घेतो, एवढेच पाहायचे आहे.

बोर्दो हे गारोन नदीवरचे जुने बंदर. नदीच्या मुखाकडे, डाव्या बाजूस, मेदोकच्या खडेमिश्रित जमिनीत काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते, आंबवलेला रस २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत मुरू लागतो आणि पुढल्या वसंतातच, बाटलीत भरण्याच्या कितीतरी आधी, व्यापारी व समीक्षक त्याची चव घेतात. सौदे तेव्हाच सुरू होतात.

चव घेण्याची रीत ठरलेली आहे. पेला पांढऱ्या कापडावर कलता धरतात. कोवळ्या वाइनची कड जांभळट असते. वय वाढते तशी ती विटकरी होते. मग पेला फिरवून वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा. जिभेवर ठळक जाणवतो तो तुरटपणा. आपल्या षड्रसांतला हा कषाय रस, कन्नडातला ‘ओगरु’. कडक कोऱ्या चहात तो भेटतो. द्राक्षाच्या सालीत व बियांत असणाऱ्या टॅनिनचा हा गुण. नवखा येथेच तोंड वाकडे करतो. जाणकार मात्र विचारतो, या तुरटपणामागे फळाचा भरदारपणा आहे का? आंबटपणा तोल राखतो का? घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते? फळ भरदार असेल तर तुरटपणा वर्षांगणिक मऊ होतो. नसेल तर फळ ओसरते आणि तुरटपणाच मागे उरतो.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदोकच्या तांबड्या वाइनची प्रसिद्ध पंचश्रेणी केली. पहिल्या श्रेणीत लाफित, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरची ओ-ब्रियों. (लातूर म्हणजे फ्रेंचमध्ये बुरूज, आपल्या लातूरशी केवळ नामसाम्य!) या निवाड्यासाठी त्यांनी कोणताही पेला चाखला नाही. वर्षानुवर्षे मिळत आलेला भाव हाच आधार धरला. एका घोटापेक्षा दीर्घ अनुभवाला त्यांनी मान दिला. पण यादी मात्र गोठून गेली. मूतोंला पहिल्या श्रेणीत येण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

२४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून वाइन ठेवल्या. कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची वाइन १९७० च्या मूतोंच्या पुढे गेली. आमची वाइन अजून कोवळी आहे, काळ जाऊ द्या, असे बोर्दोच्या कैवाऱ्यांचे म्हणणे पडले. २००६ मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या गेल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे निघाले! उलट बोर्दोच्या १९८२ च्या पिकाला रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकाने कोवळेपणीच थोर ठरवले. ते टिकणार नाही म्हणणारेही होते. ते टिकले, पार्करची १०० गुणांची पद्धत जगभर पसरली आणि भाव गुणांमागे धावू लागले.

शातो लातूरने २०१२ मध्ये जाहीर केले की, यापुढे कोवळी वाइन विकायची नाही. ती मुरल्यावरच बाजारात आणायची. निकालाची घाई नाकारणारा हा निर्णय आम्हा शिक्षकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. दहावीच्या वर्गात तुरट वाटणारी मुले दरवर्षी भेटतात. गुणपत्रिका तर द्यावीच लागते. पण तुरटपणामागे काय आहे, हे पाहिल्याशिवाय शेरा लिहू नये.