गावाच्या खुणांचे फोटो कसे काढायचे? चऱ्होलीपासून सुरुवात करू

सोशल मीडियावर 'चऱ्होली' शोधा. सगळ्यात आधी बहुधा टू बीएचकेच्या जाहिराती दिसतील, मग सूर्यास्ताची एखादी रील. गाव कुठाय? 1997 मध्ये चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि शेतांच्या जागी टॉवर उभे राहू लागले. देवळं राहतीलच, पण त्यांच्या भोवतीचं गाव दर वर्षी थोडं थोडं बदलतंय. म्हणून फोटो आत्ताच काढायला हवेत आणि ते नीट काढायला हवेत.

नीट म्हणजे काय, हे समजायला जरा इंग्लंडला जाऊ. तिथे 1897 मध्ये सर बेंजामिन स्टोन यांनी एक संस्था काढली. हौशी फोटोग्राफरांनी आपल्या भागातल्या जुन्या इमारती, चालीरीती टिपायच्या आणि ते फोटो ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवायचे, अशी कल्पना होती. 1910 मध्ये संस्था बंद पडली, फोटो मात्र राहिले. 2005 मध्ये सुरू झालेला 'जिओग्राफ' हा प्रकल्प त्याच वळणाचा. ब्रिटन आणि आयर्लंडचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि लोकांनी प्रत्येक चौकोनाचे फोटो टाकायचे. त्यात चर्च येतं, तशी टपालपेटी, पूल आणि शेताचं फाटकही येतं. फोटो सुंदर असण्यापेक्षा तो कुठला आहे हे कळणं महत्त्वाचं.

चऱ्होलीत काय टिपायचं?

टेकडीवरचं वाघेश्वर मंदिर तर आहेच. त्याचा जवळून एक फोटो काढा, पण एक पायथ्यापासून लांबूनही घ्या, म्हणजे टेकडी आणि आजूबाजूच्या इमारती एकाच चौकटीत येतील. शिवमंदिराचं दार बहुतेकदा पूर्वेला असतं, त्यामुळे दर्शनी भागावर सकाळचं ऊन चांगलं मिळतं. गाभाऱ्यात मोबाईल काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

वडमुखवाडीतलं थोरल्या पादुका मंदिर आळंदी-पुणे रस्त्यावर आहे. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघाली की इथे थांबते, आरती होते. त्या दिवशीचे फोटो ढिगाने निघतात. एरवीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी ते मंदिर कसं दिसतं, याचा फोटो सापडतो का बघा.

इंद्रायणी विसरू नका. नदीच्या या बाजूला हवेली तालुक्यातली चऱ्होली बुद्रुक, पलीकडे खेड तालुक्यातली चऱ्होली खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आले, बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान. फोटो कुठल्या काठावरून काढला हे लिहिलं नाही तर दोन्ही गावांची सरमिसळ होणारच. पाण्यावर फेस दिसला तर तोही टिपा, क्रॉप करू नका.

ड्रोन उडवायचा का?

इथे थांबा. शेजारीच लोहगावचा विमानतळ आहे आणि तो हवाई दलाचा तळही आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच 'यलो झोन' सुरू होतो. म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही. 'डिजिटल स्काय'च्या नकाशावर आपली जागा तपासा. दिघीच्या बाजूला लष्करी हद्दीही आहेत, तिकडे साधा कॅमेराही रोखू नका. देऊळ किंवा इमारत बाहेरून टिपायला मात्र कॉपीराइट कायदा आडवा येत नाही, कलम 52 मध्ये तशी स्पष्ट सूट आहे.

फोटो काढला, पुढे?

खरा घोळ इथे होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की फोटो लहान होतो आणि त्यातली तारीख-लोकेशनची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. तरीही कॅप्शन हाताने लिहाच. 'आपलं गाव ❤️' यावरून दहा वर्षांनी कोणाला काय कळणार? असं लिहा: थोरल्या पादुका मंदिर, वडमुखवाडी, चऱ्होली बुद्रुक, ता. हवेली, जि. पुणे, आळंदी-पुणे रस्त्यावरून, पुढे तारीख आणि वेळ.

आणि नाव नीट टाईप करा. घाईत 'चर्होली' किंवा 'चरोली' असं पडतं आणि सर्चला ती वेगळी गावं वाटतात. 'ऱ्ह' येत नसेल तर कीबोर्डवर नुक्त्याचा 'ऱ' शोधा, मग हलन्त, मग 'ह'. सगळ्या प्रकारे शोधणाऱ्यांसाठी इतर स्पेलिंग हॅशटॅगमध्ये टाकली तरी चालतं.

इन्स्टाची पोस्ट चार दिवसांत खाली जाते. 'विकिमीडिया कॉमन्स'वर टाकलेला फोटो विकिपीडियाच्या कुठल्याही भाषेतल्या लेखात वापरता येतो. फक्त तो मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे तुमचं नाव देऊन कुणीही वापरू शकतं, जाहिरातीतसुद्धा. हे पटत असेल तरच अपलोड करा.

घरातले जुने अल्बमही काढा. आजीच्या लग्नाच्या फोटोत मागे एखादी वेस, पार किंवा पडलेला वाडा असू शकतो. प्रिंट सावलीत सपाट ठेवून वरून फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवा. मागच्या बाजूला काही लिहिलेलं असेल तर त्याचाही एक घ्या. आणि हे करताना आजीला शेजारी बसवा, कारण मागे दिसणारी भिंत कोणाची होती हे तिलाच माहीत असेल.