वजनकाट्याचा न्याय

आम्हा प्रोग्रामर लोकांना इफ-एल्सची भारी हौस. पण १९७३ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अमली पदार्थांचा कायदाच तसा करून घेतला: मालाचं वजन ठरावीक आकड्यापुढे गेलं, की किमान १५ वर्षं आत, कमाल जन्मठेप. माणूस कोण, गुन्हा पहिलाच का, हे बघून शिक्षा त्याखाली आणायची न्यायाधीशाला सोयच नाही!

अँथनी पापा त्यातच सापडला. ५०० डॉलरसाठी साडेचार औंस कोकेनचं पाकीट पोचवलं, तेही पहिल्यांदाच. १९८५ मध्ये शिक्षा झाली. सिंग सिंग तुरुंगात तो चित्रं काढायला शिकला. १२ वर्षं काढल्यावर गव्हर्नर पटाकींनी शिक्षा कमी केली आणि १९९७ मध्ये तो बाहेर आला.

मला भावतं ते पुढचं. तो गप घरी बसला असता तर कोण काय म्हणणार होतं? पण १९९८ मध्ये हा गडी, आत राहिलेल्यांच्या आयांना सोबत घेऊन, थेट रॉकफेलर सेंटरसमोर उभा राहिला. २००४ मध्ये कायदा थोडा सैल झाला. २००९ मध्ये बऱ्याच खटल्यांत निर्णय पुन्हा न्यायाधीशाच्या हाती आला.

पटाकींची दया मोजक्यांनाच पुरली. बाकीच्यांसाठी कायदाच बदलावा लागला, आणि त्याला ३६ वर्षं लागली.

असो.