बोसन : कॉलेजाबाहेर राहिलेला कुत्रा

लॉर्ड बायरनच्या कवितेची एकही ओळ ज्यांना ठाऊक नसते, त्यांनाही त्याची एक गोष्ट हमखास ठाऊक असते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कुत्रा पाळायला बंदी होती, पण नियमात अस्वलाचा उल्लेख कुठेच नव्हता, म्हणून या पठ्ठ्याने सरळ अस्वलच आणून ठेवलं! गोष्ट झकास आहे. अधिकाऱ्यांचं नाक कापलं गेल्याचा आनंद सगळ्यांनाच होतो, त्यामुळे दोनशे वर्षं ती सांगितली जाते आहे.

यातलं अस्वल खरं आहे. २६ ऑक्टोबर १८०७ ला बायरनने एलिझाबेथ पिगॉट या आपल्या मैत्रिणीला केंब्रिजहून पत्र लिहिलं. त्यात तो सांगतो की मला एक नवा मित्र मिळालाय, माणसाळलेलं अस्वल. इथे आणल्यावर लोकांनी विचारलं, याचं करणार काय? मी म्हटलं, फेलोशिपच्या परीक्षेला बसवणार. हे उत्तर कुणाला फारसं आवडलं नाही, असंही तो मिश्किलपणे नोंदवतो. तेव्हा त्याचं वय होतं १९. कुत्र्याच्या नियमाचा मात्र पत्रात उल्लेख नाही. पळवाटेचा तो भाग पुढे गोष्ट सांगणाऱ्यांनी जोडून दिला.

मला या गोष्टीत नेहमी एकच प्रश्न पडायचा. अस्वल आलं ते कुत्र्याच्या जागी. मग कुत्रा कुठे होता?

कुत्रा होता. चांगला दांडगा होता, आणि त्याला नावही होतं. इंग्रजीत ते लिहितात एक आणि उच्चारतात दुसरंच, म्हणून आपण सरळ उच्चाराप्रमाणे बोसन म्हणू. बोसन म्हणजे जहाजावर शिडं, दोर आणि खलाशी यांच्यावर देखरेख ठेवणारा माणूस. आपल्या कोकणातल्या खलाशांच्या भाषेत सांगायचं तर सारंग. हा सारंग जन्मला मे १८०३ मध्ये, थेट न्यूफाउंडलंडला, आणि जात त्याच बेटाच्या नावाची. कोळ्यांच्या होड्यांवर वाढलेली, पाण्यात जाळी ओढणारी, पडलेल्या माणसाला बाहेर काढणारी ही कुत्री. बोटांमध्ये बदकासारखा पडदा, अंगावर पाणी आत न शिरू देणारे दाट केस. आजचा भरलेला नर साठ-सत्तर किलोपर्यंत जातो. म्हणजे घरात आणखी एक मोठा माणूस आला असंच समजायचं. फक्त हा माणूस रोज मैलोन् मैल चालवावा लागतो आणि मिळेल त्या पाण्यात उडी मारतो. क्लिफ्टन टॉमसन नावाच्या चित्रकाराने १८०८ मध्ये बोसनचं चित्र काढलं. ते पाहिलं तर कुत्रा आजच्या न्यूफाउंडलंडइतका गुबगुबीत वाटत नाही, थोडा उभट, लांब तोंडाचा दिसतो. पण लहान तर मुळीच नाही.

बायरन ट्रिनिटीत दाखल झाला ऑक्टोबर १८०५ मध्ये, सतराव्या वर्षी. उमराव असल्यामुळे वर्षाला ५०० पौंड भत्ता, एक नोकर, एक घोडा, असा सगळा थाट. उमरावांच्या पोरांना पदवीसाठी परीक्षाही द्यावी लागत नसे. त्यामुळे हा गृहस्थ कॉलेजात होता कमी आणि बाहेर जास्त. मधलं जवळजवळ एक वर्ष तर तो केंब्रिजला फिरकलाच नाही. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल या छोट्या गावात आईकडे राहिला, तिच्याशी कडाकडा भांडला, आणि जवळच्या नेवार्कला आपल्या पहिल्या कविता छापून घेतल्या. बोसनच्या वाट्याला धनी सलग आला तो बहुधा याच काळात. समोरच्या घरात एलिझाबेथ पिगॉट राहत होती. तिने १८०७ मध्ये बायरन आणि त्याच्या कुत्र्यावर एक छोटीशी सचित्र, यमकं जुळवलेली गमतीची वही तयार केली. जलरंगात काढलेली ती वही आज अमेरिकेत, ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठातल्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये जपून ठेवलेली आहे. बायरनवर कुणी पुस्तक करण्याइतका तो अजून मोठा झाला नव्हता. कुत्र्यासह मात्र झाला होता!

पण मोठा कुत्रा बाळगणं म्हणजे नुसती चित्रं आणि यमकं नव्हेत. १८०६ च्या उन्हाळ्यात बायरन एलिझाबेथच्या भावाबरोबर हॅरोगेटला हवापालटासाठी गेला. बरोबर बोसन, आणि शिवाय नेल्सन नावाचा एक बुलडॉग. दोघांचा उभा दावा. नेल्सनच्या तोंडाला मुसकं बांधलेलं असायचं, पण खोलीत मजा म्हणून ते काढलं जाई. मग बोसन आत आला की दोघे एकमेकांना भिडत, आणि बायरन, त्याचा मित्र, नोकर आणि हॉटेलातले वेटर असे सगळे मिळून चुलीतल्या सळ्या आणि चिमटे त्यांच्या तोंडात घालून त्यांना सोडवत. एक दिवस नेल्सन मुसक्याशिवाय खोलीबाहेर निसटला, तबेल्याच्या अंगणात गेला आणि एका घोड्याच्या गळ्याला चिकटला. काही केल्या सुटेना. शेवटी बायरनच्या नोकराने धन्याचं भरलेलं पिस्तूल आणलं आणि नेल्सनच्या डोक्यात गोळी घातली. बायरनला फार वाईट वाटलं, असं लिहिलेलं आहे. वाटलं असणारच. पण ते मुसकं मजेखातर काढत कोण होतं, हेही त्याच हकिगतीत आहे.

ही हकिगत आणि पुढचीही आपल्यापर्यंत आली ती टॉमस मूर या त्याच्या मित्राने १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रामुळे. मूर सांगतो की बायरनच्या आईकडे गिल्पिन नावाचा छोटा टेरियर होता. बोसन त्याच्या इतका मागे लागला की हा त्याला मारून टाकणार अशी भीती वाटून आईने गिल्पिनला न्यूस्टेडला एका कुळाकडे पाठवून दिलं. न्यूस्टेड ॲबी हा बायरनचा वडिलोपार्जित वाडा, साउथवेलपासून पंधरा-वीस किलोमीटरवर. पुढे बायरन केंब्रिजला निघाला तेव्हा बोसनला एका नोकराच्या हवाली करून गेला. आणि एके सकाळी बोसन गायब! नोकराच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर पत्ता नाही. संध्याकाळी स्वारी परतली ती गिल्पिनला बरोबर घेऊन. त्याला थेट स्वयंपाकघरात चुलीपाशी नेलं, चाटलं, कौतुक केलं. न्यूस्टेडपर्यंत जाऊन तो त्याला घेऊन आला होता. त्यानंतर दोघांची अशी गट्टी जमली की दुसऱ्या कुत्र्यांनी गिल्पिनला त्रास दिला तर बोसन मध्ये पडायचा.

मूरने ही गोष्ट कुत्र्याचं मन किती मोठं होतं हे दाखवायला सांगितली आहे. मला त्यात दुसरंच वाक्य अडवून धरतं: बायरन केंब्रिजला गेला आणि कुत्रा नोकराकडे राहिला. कुत्र्याच्या मनात काय चाललं होतं ते मूरला कळणं शक्य नव्हतं, मलाही नाही. पण धनी कॉलेजात, घर रिकामं, आणि एक प्रचंड ताकदीचा प्राणी दिवसभर वाट तुडवून दुसऱ्या एका कुत्र्याला घेऊन घरी येतो, एवढं तरी दिसतंच. ट्रिनिटीच्या अस्वलाची गोष्ट जिथे हसून संपते, तिथे ही सुरू होते.

४ जुलै १८०८ ला बायरनला एम. ए. ची पदवी मिळाली आणि कॉलेज संपलं. त्याच वर्षी न्यूस्टेडच्या भाडेकरूची मुदत संपून वाडा ताब्यात आला आणि सप्टेंबरात तो तिथे राहायला गेला. आता कॉलेज नाही, भाडेकरू नाही, आईचं घर नाही. स्वतःचा वाडा, भोवती रान, आणि कुत्र्याला डुंबायला तळं. तो होडीतून मुद्दाम पाण्यात पडायचा आणि कुत्री त्याला कॉलरला धरून काठाला ओढून आणायची, असं सांगतात. कॉलेजात असताना जे जे जमत नव्हतं ते सगळं आता जमणार होतं.

जमलं दोन महिने.

नोव्हेंबर १८०८ मध्ये बोसन पिसाळून मेला. रेबीज. त्या काळी यावर काहीच उपाय नव्हता. पाश्चरची लस माणसाला पहिल्यांदा टोचली गेली ती १८८५ मध्ये. बायरनला हा कोणता आजार आहे याची इतकी कमी कल्पना होती, की झटके येत असताना कुत्र्याच्या तोंडाची लाळ त्याने उघड्या हाताने अनेकदा पुसली, असं मूर लिहितो. हातावर एखादी जखम असती तर इंग्रजी साहित्यातलं एक मोठं नाव विसाव्या वर्षीच पुसलं गेलं असतं. बोसनने मात्र शेवटपर्यंत जवळच्या कुणाला दात लावला नाही. हे बायरनने स्वतः आपल्या मित्राला, फ्रान्सिस हॉजसनला पत्रात कळवलं. त्याच पत्रात म्हातारा नोकर मरे सोडला तर आपण सगळंच गमावलं, अशा अर्थाचंही लिहिलं आहे. वीस वर्षांच्या मुलाचं वाक्य आहे, थोडं नाटकी. पण खोटं वाटत नाही.

मग त्याने समाधी बांधली. कॉलेजच्या दिवसांत हजारो पौंडांचं कर्ज डोक्यावर झालं होतं, तरी बांधली, आणि चांगली मोठी बांधली. वरचा गद्य मजकूर पुष्कळ वर्षं बायरनचाच समजला जात होता. तो खरं तर ट्रिनिटीतला त्याचा मित्र जॉन कॅम हॉबहाउस याचा. खालच्या कवितेच्या २६ ओळी बायरनच्या. १८११ च्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं की मलाही इथेच, कोणत्याही विधीशिवाय पुरावं, आणि माझ्या कुत्र्याला तिथून हलवू नये. पण १८१७ मध्ये कर्जापायी न्यूस्टेड ९४,५०० पौंडांना विकावं लागलं. १८२४ मध्ये ग्रीसमध्ये बायरन मेला. वेस्टमिन्स्टर ॲबीने जागा नाकारली आणि हकनॉलच्या चर्चमध्ये घराण्याच्या तळघरात त्याला ठेवलं. तिथे फरशीत बसवलेली एक संगमरवरी शिळा आहे. बोसनचं स्मारक त्याहून कितीतरी मोठं, आणि ते न्यूस्टेडलाच राहिलं. दोघे पुन्हा वेगळेच.

आता जरा हिशेब मांडू. बोसन जगला साडेपाच वर्षं. त्यातली पहिली दोन बायरन हॅरोच्या शाळेत होता, नंतरची जवळजवळ तीन केंब्रिजच्या पटावर. म्हणजे कुत्र्याचं सगळं आयुष्य धन्याच्या शिक्षणाच्या काळात बसलं, आणि 'एकदा हे संपू दे, मग' यातला 'मग' दोन महिन्यांचा निघाला. रेबीज झाला नसता तरी गणित फार बदलत नाही. इतक्या मोठ्या जातीचा कुत्रा नऊ-दहा वर्षं जगतो. माणसाला कॉलेजची चार वर्षं म्हणजे उंबरठा वाटतो, खरं घर पुढे आहे असं वाटतं. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर तो उंबरठाच जवळजवळ अर्धं घर असतो.

म्हणून बायरन दोषी होता असं मला म्हणायचं नाही. उलट कॉलेजात शिकणाऱ्या किती पोरांनी आपल्या कुत्र्यासाठी इतकं केलं असेल? पण समाधी बांधायला लागतात पैसे आणि शब्द. बोसनला जे हवं होतं ते होतं रोजचं आणि कंटाळवाणं: सकाळचं फिरणं, पोटभर खाणं, पाण्यातून आल्यावर कुणीतरी अंग पुसणं. हे त्या वर्षांत बऱ्याचदा नोकराने केलं आणि आईच्या घरात झालं. आपल्याकडेही पाहा. मुलगा दहावी-बारावीत हट्ट करून लॅब्रॅडॉर आणतो, दोन वर्षांनी हॉस्टेलला जातो, आणि पहाटे साडेपाचला साखळी हातात धरून चपला फटफटवत निघते ती आई. फोटो मात्र मुलाच्या खोलीत.

केंब्रिजचं म्हणाल तर तिथे नियमातून वाट काढण्याची परंपरा अजून जिवंत आहे. सेल्विन कॉलेजचे तेव्हाचे प्रमुख रॉजर मोझी यांचा योयो नावाचा बॅसेट हाउंड होता. कॉलेजात कुत्र्यांना मनाई, म्हणून कॉलेजने त्याला 'खूप मोठं मांजर' ठरवून टाकलं! २०१७ मध्ये ही बातमी जगभर गाजली. मला ती वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. अस्वल आणून नियमाला वाकुल्या दाखवण्यापेक्षा, कुत्र्याला कागदावर मांजर करून घरात ठेवणं केव्हाही चांगलं. बिचाऱ्याला रात्री झोपायला आपलं माणूस तर जवळ मिळतं.