औचित्याचे यंत्रशास्त्र : लहान इंजिन आणि टर्बोचार्जर

क्षेमेंद्राने अकराव्या शतकात ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. अलंकार स्वतः सुंदर असून भागत नाही, तो योग्य स्थानी असावा लागतो, हा तिचा गाभा. काव्यशास्त्राच्या वर्गात आपण शिकवितो तो हा विचार यंत्रांच्या इतिहासातही तितक्याच कठोरपणे प्रत्ययास येतो. गाडीचे लहान इंजिन बलवान करू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो टर्बोचार्जर केवढा असावा हा. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या प्रश्नाने मोटार उद्योगाला दीड दशक झुंजविले, आणि शेवटी हाती आले ते औचित्याचेच तत्त्व.

मूळ कल्पना साधी आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक चक्र फिरवायचे, ते टर्बाइन. आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चक्राने, म्हणजे कॉम्प्रेसरने, बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा अधिक, म्हणून इंधनही अधिक जाळता येते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट मागितले. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर, विरळ हवेत, विमानाच्या लिबर्टी इंजिनाला टर्बो जोडून त्याचा उपयोग सिद्ध केला. पुढे जहाजांत व विमानांत टर्बो रुळला. तेथे इंजिन दीर्घकाळ जवळजवळ एकाच गतीने चालते. त्या गतीला साजेसे चक्र निवडले की काम संपले. मोटारीचे तसे नाही. ती सिग्नलला थांबते, चढ चढते, क्षणात वेग घेते, क्षणात सोडते. औचित्याचा प्रश्न खरा येथे सुरू होतो.

मोठे चक्र भरपूर हवा देते, परंतु उशिरा देते. एकाच आकृतीच्या चक्राचा व्यास दुप्पट केला, तर त्याचे फिरण्याला विरोध करणारे जडत्व ३२ पट होते. चालकाने पाय दाबावा आणि ताकद थोड्या वेळाने, तीही एकदम यावी, असा अनुभव त्यातून येतो. यालाच ‘टर्बो लॅग’ म्हणतात. लहान चक्र तत्काळ जागे होते, पण उच्च गतीला इंजिनाची हवेची भूक भागवू शकत नाही आणि बाहेर पडणाऱ्या वायूंची वाटही अडविते. दोन्ही दोष एकाच वेळी पूर्णपणे टाळणे एका साध्या टर्बोला शक्य नसते.

१९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने ‘जेटफायर’ ही गाडी आणली. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आधीच जास्त होते. त्यावर टर्बोचा दाब आल्यावर नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे. अनेक मालक ते भरण्यास विसरत, आणि दोन वर्षांतच गाडी बंद झाली. १९७३ च्या बीएमडब्ल्यू ‘२००२ टर्बो’मध्ये उलट उपाय योजला : कॉम्प्रेशन ६.९ पर्यंत उतरविले. दोन लिटरच्या इंजिनातून १७० अश्वशक्ती मिळाली खरी, परंतु कमी फेऱ्यांवर ते मंद राही. त्यातच तेलसंकट आले. अशा अवघ्या १६७२ गाड्या तयार झाल्या.

सर्वांत बोलके उदाहरण शर्यतीच्या मैदानावरचे आहे. फॉर्म्युला वनच्या तत्कालीन नियमांनुसार साधे इंजिन तीन लिटरचे चाले, हवा दाबून भरलेले केवळ दीड लिटरचे. रेनोने १९७७ मध्ये दीड लिटरचे टर्बो इंजिन उतरविले. एकच मोठा टर्बो, लांबलेला लॅग आणि वारंवार निघणारा धूर यांमुळे इंग्रज मंडळी त्या गाडीला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवीत. १९७९ च्या हंगामात रेनोने त्या एका टर्बोऐवजी दोन लहान टर्बो बसविले. १ जुलै १९७९ रोजी दिजाँ येथे झां-पियेर जाबुई याने त्याच दीड लिटरच्या इंजिनावर फ्रेंच ग्रां प्री जिंकली. फॉर्म्युला वनमधील टर्बोचा तो पहिला विजय होय.

रस्त्यावरच्या गाडीसाठी हाच धडा साबने आधीच घेतला होता. १९७७ मध्ये सादर झालेल्या ‘९९ टर्बो’त पेर गिलब्रांड आणि सहकाऱ्यांनी जाणीवपूर्वक लहान टर्बो निवडला. उच्च गतीला दाब प्रमाणाबाहेर जाऊ नये म्हणून जादा वायूला वाट देणारी वेस्टगेट ही झडप वापरली. दोन लिटरमधून १४५ अश्वशक्ती, म्हणजे बीएमडब्ल्यूहून कमी. पण रोजच्या वापराच्या फेऱ्यांत हाताशी असलेली. आज चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या एक लिटरच्या टर्बो गाड्या १७५० फेऱ्यांपासूनच पूर्ण टॉर्क देतात, त्या याच परंपरेतल्या.

आपले इंजिन सुधारणाऱ्याने मग काय पाहावे? समजा, इंजिन १.२ लिटरचे आहे. मिनिटाला ६००० फेऱ्या आणि वातावरणाच्या दीडपट दाब धरला, तर त्याला मिनिटाला सुमारे ५ किलो हवा लागते. तोच दाब २००० फेऱ्यांवर हवा असेल तर सुमारे त्याच्या एकतृतीयांश. कॉम्प्रेसरच्या नकाशात आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह आणि उभ्या अक्षावर दाबाचे गुणोत्तर असते. वरील दोन्ही बिंदू त्यावर मांडावेत. डावीकडच्या सीमारेषेपलीकडे हवा उलटी उसळते, त्याला सर्ज म्हणतात. उजवीकडे फार गेल्यास कॉम्प्रेसर हवेला नुसता तापवितो. आपले इंजिन बहुतेक वेळ ज्या फेऱ्यांवर चालते, तो भाग नकाशाच्या मध्यावर यावा. कॉम्प्रेशन, इंधनपुरवठा, हवा थंड करणारा इंटरकूलर आणि पिस्टनची सहनशक्ती यांचा विचार त्याच वेळी व्हावा. अन्यथा जास्तीच्या ताकदीची किंमत इंजिनच मोजते.

जेटफायर, २००२ टर्बो आणि पिवळी किटली यांत बुद्धीची उणीव कुठेच नव्हती. इंजिन किती ताकद देऊ शकेल हे तेथे आधी ठरले. ते कोण, कुठे आणि कसे चालविणार हा प्रश्न मागे राहिला. साबने तो आधी विचारला. टर्बो निवडणाऱ्यानेही अश्वशक्तीचा आकडा ठरविण्यापूर्वी तोच विचारावा.