रिक्त पेशी आणि मृत पेशी : सर्पगंधेच्या इतिहासातील एक दुवा

मेंदूतील मोनोअमाइन निर्माण करणाऱ्या मज्जापेशींचा विषामुळे नाश कसा होतो, या प्रश्नाचा इतिहास बहुधा १९८२ सालापासून सांगितला जातो. त्या वर्षी कॅलिफोर्नियात अशुद्ध कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेल्या काही तरुणांना अल्पावधीतच कंपवाताच्या प्रगत अवस्थेने ग्रासले. हा प्रारंभ फार उशिराचा आहे असे आम्हांस वाटते. त्या विषाचा उलगडा ज्या रासायनिक साधनामुळे पूर्ण झाला, त्याची वाट मुंबईवरून गेली आहे.

सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग उन्माद व अतिरक्तदाब यांवर होतो, हे कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविले होते. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ च्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील निबंधाने. पन्नास रुग्णांवरील त्या अभ्यासात मेंदूतील मोनोअमाइनांचा विचार नाही. त्या काळी तो संभवतही नव्हता. आपल्याकडे वकिलांचे नाव अतिरक्तदाबाच्या प्रकरणात आदराने घेतले जाते आणि तेथेच सोडून दिले जाते. वस्तुतः पुढील कथा अधिक उद्‌बोधक आहे.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळीतून रेसर्पिन वेगळे केले. १९५५ मध्ये बेथेस्डा येथे प्लेचर, शोअर व ब्रोडी यांनी दाखविले की, रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन घटते. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिनने निश्चेष्ट झालेल्या सशांना डोपा दिले आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा होता : पेशी रिक्त झाल्या होत्या, मृत झाल्या नव्हत्या. मज्जापेशी आपले मोनोअमाइन सूक्ष्म पुटिकांत साठवितात. पुटिकेत ते भरणारे वाहक प्रथिन रेसर्पिन बंद पाडते, आणि बाहेर उघडे राहिलेले मोनोअमाइन पेशीतील विकर नष्ट करून टाकते. म्हणूनच रेसर्पिनमुळे रुग्णांत दिसणारी कंपवातसदृश लक्षणे औषध थांबविल्यावर सामान्यतः ओसरत.

मज्जाविषाची रीत निराळी असते. १९६८ मध्ये उंगरस्टेट यांनी उंदरांच्या मेंदूत ६-हायड्रॉक्सिडोपामाइन टोचले. डोपामाइनशी असलेल्या साम्यामुळे पेशी ते आपणहून आत ओढून घेते. तेथे त्याच्या ऑक्सिडीकरणातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक पदार्थ उत्पन्न होतात आणि पेशी मरते. कॅलिफोर्नियातील एमपीटीपी या विषाचा मार्ग याहून आडवळणाचा आहे. ते स्वतः मज्जापेशीस मारीत नाही. मेंदूतील तारकापेशींत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर त्याचे रूपांतर घडविते व अखेरीस एमपीपी हा आयन तयार होतो. डोपामाइनच्या पुनर्ग्रहणासाठी असलेल्या वाहकातून हा आयन मज्जापेशीत शिरतो, मायटोकॉन्ड्रियातील श्वसनशृंखलेचा पहिला टप्पा रोखतो आणि पेशीचा ऊर्जापुरवठा तोडतो. डोपामाइन-पेशीच का मरतात, याचे बरेचसे उत्तर या प्रवेशद्वारात आहे.

परंतु आत शिरलेले विष प्रत्येक पेशीस सारखेच घातक का ठरत नाही? याचा शोध घेताना रॉबर्ट एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये हॅमस्टरच्या पेशींत निरनिराळी जनुके घालून एमपीपीच्या माऱ्यातून कोणत्या पेशी वाचतात ते पाहिले. वाचलेल्या पेशींत विष पुटिकांमध्ये कोंडले जात होते. मग त्यांनी त्या पेशींस रेसर्पिन दिले, आणि ही प्रतिकारशक्ती लोपली. संरक्षण देणारे ते जनुक पुटिकेतील वाहक प्रथिनाचे, म्हणजे रेसर्पिनच्या लक्ष्याचेच होते. सर्पगंधेतील द्रव्य जे प्रथिन बंद पाडते, तेच विषाला मायटोकॉन्ड्रियापासून दूर ठेवते. पुढे १९९० च्या दशकातच, मेंदूतील हे प्रथिन जन्मतः कमी असलेल्या मूषकांवर एमपीटीपीचा घाव अधिक खोल बसतो, असेही आढळून आले.