वारसा भस्माचा की नोंदीचा?

एन्झाइमचे काम करणारे, पण प्रथिनांऐवजी बहुधा धातूंचे किंवा त्यांच्या संयुगांचे बनलेले अतिसूक्ष्म कण म्हणजे नॅनोझाइम. हे नाव २००४ मध्ये इटलीतील पाओलो स्क्रिमिन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांना दिले. २००७ मध्ये चीनच्या यान शियून यांच्या गटाने लोह ऑक्साइडचे कण पेरॉक्सिडेझ एन्झाइमसारखे वागतात हे दाखवले आणि या विषयाने वेग घेतला. कुळ मात्र त्याहून जुने आहे. १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधणाऱ्या तेनार यांना त्याच सुमारास दिसले, की चांदी-प्लॅटिनमसारखे धातू त्याचे विघटन करतात आणि रक्तातले फायब्रिनही करते. १९०१ च्या सुमारास जर्मन रसायनतज्ज्ञ गेओर्ग ब्रेडिग यांनी पाण्याखाली विजेची ठिणगी पाडून प्लॅटिनमचे कलिल बनवले. एन्झाइमांना निकामी करणारे हायड्रोसायनिक आम्ल या कणांनाही निकामी करते असे त्यांना आढळले, म्हणून त्यांनी या कणांना अजैविक किण्व म्हटले. कल्पना तिथेच जन्मली होती.

तिचा आतड्याच्या आजाराशी संबंध येतो तो दाहामुळे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स आजारात आतड्याच्या अस्तरात जमलेल्या पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड सोडतात. शरीरातले एक एन्झाइम त्याचे पेरॉक्साइड करते आणि दुसरे पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन. दाह वाढला की ही यंत्रणा अपुरी पडते. एन्झाइमच औषध म्हणून पोटात दिले तर जठरात ते पचून जाते. सेरियम ऑक्साइड किंवा प्रशियन ब्लूचे कण त्या मानाने टिकाऊ असतात, आणि ऋण भाराचे कण सुजलेल्या अस्तरावर अधिक चिकटतात. आक्षेप मात्र या कणांच्या एन्झाइमसारख्या गुणातूनच निघतो. लोह ऑक्साइडचे कण उदासीन द्रावणात पेरॉक्साइड निरुपद्रवी करतात, तर आम्लात त्यापासूनच घातक हायड्रॉक्सिल मूलके तयार करतात. म्हणजे कणाचे गुण सांगताना तो कुठे काम करणार हेही सांगावे लागते. शिवाय यश दाखवणारे बहुतेक प्रयोग उंदरांवरचे आहेत. पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट मिसळून त्यांना कोलायटिस घडवतात. ते पाणी थांबवले की तो बराचसा आपोआप ओसरतो. माणसाचा आजार वर्षानुवर्षे उलटत राहतो. या आजारांसाठी अजून एकही नॅनोझाइम मान्यताप्राप्त औषध झालेले नाही.

आपल्याकडे या कुळात आयुर्वेदाच्या रसशास्त्रातील भस्मांना मूळपुरुष म्हणून बसवण्याचा मोह असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही भस्मांत नॅनोकण दिसतातही. पण नुसत्या आकारावरून नाते ठरत नाही. कण किती वेगाने कोणती अभिक्रिया घडवतो हे मोजावे लागते. तेनार-ब्रेडिग या साखळीत रसशास्त्राचा दुवाही नाही. मग आपल्या परंपरेत घेण्याजोगे काहीच नाही का? आहे, आणि ते तंजावरात आहे. तेनार पेरॉक्साइड तपासत होते तेव्हा तिथे गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले होते (१७९८ ते १८३२). त्यांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकीय संस्थेत देशी वैद्यक आणि युरोपीय वैद्यक शेजारी नांदत होते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात नेत्ररुग्णांच्या त्या काळातील नोंदी आहेत, डोळ्यांच्या चित्रांसह. चित्र असले की वैद्याचा नुसता दावा पुरत नाही. दुसऱ्यालाही डोळ्याची अवस्था पाहून पडताळा घेता येतो. अशा मोजक्या नोंदींना आजची नियंत्रित चाचणी म्हणता येणार नाही, हे खरे. तरीही औषधाची पारख रोग्याच्या अवस्थेवरून करायची, ही दृष्टी त्यांत आहे. नॅनोझाइमला आज नेमकी तिचीच उणीव आहे. म्हणून या कणांची पुढची बातमी वाचताना आधी एकच विचारावे: हा परिणाम उंदरात दिसला की माणसात, आणि किती काळ टिकला?